दादर : दोन रुळांमधली वाट



वसंतातल्या या ज्ञानसत्रात कोणी ज्ञानेश्वरीवर बोलते, कोणी पानिपतावर, कोणी अर्थकारणावर. त्यांच्या पंक्तीला बसून मी रेल्वेच्या एका स्टेशनावर बोलणार आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. स्टेशनाला कसला आला आहे इतिहास? गाडी येते, माणसे चढतात, माणसे उतरतात. उरते ती धूळ. परंतु मला असे वाटते, की राजांचा इतिहास जसा किल्ल्यांत सापडतो, तसा तुमच्याआमच्यासारख्यांचा इतिहास जाण्यायेण्याच्या वाटांवर सापडतो. आणि पुण्याकडून, नाशकाकडून किंवा कोकणातून मुंबईस गेलेल्या मराठी माणसाने जिथे एकदा तरी पाऊल ठेवले नाही, असे दादर स्टेशन शोधूनही मिळावयाचे नाही. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी प्रथम मुंबई पाहिली ती दादरच्या जिन्यावरून. वडिलांनी एवढेच सांगितले होते, "बोट सोडू नकोस, आणि कुणी ढकलले तरी थांबू नकोस." त्या उपदेशात दादरचे बरेचसे शास्त्र आले होते, हे पुढे कळले.

'दादर' या शब्दाचा अर्थच मुळी जिना, शिडी. मुंबईत शिरण्याची ही पायरी म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा मागाहून जुळवलेली असो, ती भूगोलाला धरून आहे खास. मुंबईच्या जुन्या बेटांचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. दक्षिणेकडे किल्ला आणि गिरगाव, मध्ये परळ, आणि उत्तरेस माहीम व शीव ही दोन टोके. माहीमपुढे खाडी, शीवपुढेही खाडी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवजवळ साष्टी बेटाकडे जाणारा बांध इंग्रजांनी घातला. माहीमच्या खाडीवरचा बांध १८४५ साली झाला. त्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, म्हणून तो रस्ता लेडी जमशेटजींच्या नावाने ओळखला जातो. असे बेटातून बाहेर पडण्याचे दोन दरवाजे झाले. दक्षिणेकडून येणारा माणूस जिथे डावीकडच्या दाराने जावे की उजवीकडच्या, याचा विचार करी, त्या जागेच्या आसपासचे गाव ते दादर. माहीमचाच हा खालचा भाग. भाताची खाचरे, नारळीची बने, कोळी, आगरी, भंडारी यांची वस्ती, आणि १५९६ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी उभारलेले पोर्तुगीज चर्च, एवढाच त्याचा पसारा.

दोन कंपन्या, दोन वाटा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, हे वर्णन आपण शाळेत वाचलेले आहे. ती गाडी याच खाचरांजवळून शीवच्या दिशेने निघून गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही ती कंपनी. तिची नजर घाटांकडे होती; बोर घाट आणि थळ घाट चढून देशावरचा, वऱ्हाडचा कापूस बंदरात आणावा, हा तिचा उद्योग. दुसरी कंपनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. तिची नजर सुरतेकडे, गुजराथेच्या कापसाकडे. तिचा मार्ग माहीमच्या खाडीवरून वांद्र्यास गेला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार आणि बॅकबे यांच्या दरम्यान तिने रोजची एक गाडी सुरू केली, आणि तिच्या थांब्यांत दादरचे नाव होते.

आता गंमत पाहावी. बेट अरुंद. तेव्हा परळपासून दादरपर्यंत दोन्ही कंपन्यांचे रूळ जवळजवळ खांद्याला खांदा लावून धावतात, आणि दादर सोडले की एकीने डावीकडे माहीमला वळावे, दुसरीने उजवीकडे माटुंगा-शीवकडे, असा प्रकार. ही जवळीक भूगोलाने लादलेली होती. कंपन्यांना ती हवी होती असे नव्हे. दोघींचे भागधारक वेगळे, तिकिटे वेगळी, इमारती वेगळ्या. शेजारीशेजारी दोन स्टेशने उभी राहिली आणि दोघांनाही नाव एकच मिळाले. घर एक आणि चुली दोन, हा संसार आपल्याकडे नवा नाही. परंतु चुली वेगळ्या झाल्या की मधल्या ओसरीची झाडलोट कोणी करावयाची, हा प्रश्न उरतो. दादरचा सारा इतिहास मला या ओसरीचा इतिहास वाटतो, आणि आज मी जे सांगणार आहे ते मुख्यतः तिच्याविषयी.

रोगराईतून निघालेले नगर

पहिली तीस वर्षे दादरला उतरणारे थोडेच. स्टेशन होते, नगर नव्हते. नगर आणले ते एका भयंकर रोगाने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. गिरण्या थंडावल्या, आणि त्याच आगगाड्या भरभरून माणसे गावी परत निघाली. तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली, की दक्षिणेच्या कोंदट चाळींत माणसे अशीच कोंबून ठेवली तर शहरच उरावयाचे नाही. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि लगोलग दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांच्या योजना आखल्या गेल्या. दादर-माटुंग्याला जमीन घेऊन तिथे लोकांची सोय करावी, असा तो आराखडा होता.

या योजनेचे यश आपण डोळ्यांनी पाहू शकतो. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, ठरावीक उंचीची घरे, मध्ये बगीचे. ट्रस्टमधले एक इंजिनियर मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यम परिस्थितीतील पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड मागून घेतले आणि दादरची पारशी कॉलनी वसवली. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी झाली. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या आणि सामाईक नळ यांवर आयुष्य काढलेला मराठी कारकून, मास्तर, वकील इकडे सरकू लागला. त्याच्या भाषेत 'बिऱ्हाड' या शब्दाशेजारी 'ब्लॉक' हा शब्द आला. ब्लॉक म्हणजे स्वयंपाकघर आपले, मोरी आपली आणि शौचकूपही आपला. हा बदल नुसता सोयीचा नव्हता. दार लावून घेता येते, ही कल्पना मध्यमवर्गाच्या मनात इथे रुजली. आणि दार लावून घेतल्यावर चाळीतला शेजार गेल्याची हळहळही इथेच सुरू झाली.

परंतु या यशाची दुसरी बाजू लपवणे इतिहासकाराला शोभावयाचे नाही. ट्रस्टने जुन्या वस्तीत जितक्या खोल्या पाडल्या, त्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या फार थोड्या. प्लेगात मेला तो मुख्यतः गरीब. नवे नगर मिळाले ते पगारदारास. उठवलेला गिरणी कामगार परळ, नायगाव, लालबागच्या चाळींत आणखी दाटीने जाऊन बसला. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्याच्या कारभाराचा हिशेब मांडताना झाडे मोजावीत, आणि ज्यांना त्या झाडांची सावली मिळाली नाही त्यांनाही मोजावे.

पूर्व आणि पश्चिम

स्टेशनाच्या दोन्ही अंगांना दोन निराळी दादरे वाढली. पूर्वेकडे दादर मेन रोडवरच्या एका बंगल्यात धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२-१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' तयार केला. दिवसा चित्रण, रात्री फितीवरची प्रक्रिया. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फितीच्या कामालाही बसत. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्याच रस्त्याला पुढे दादासाहेबांचे नाव मिळाले आणि तिथेच १९२९ साली चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओ निघाला. हिंदी चित्रपटाची गंगा कुठे निघाली असे कोणी विचारले, तर उत्तर दादर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पूर्वेलाच 'दादर टी. टी.' आहे. आजच्या तरुणास विचारा, टी. टी. म्हणजे काय? दहांतले नऊ गप्प बसतील. ते ट्राम टर्मिनस. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. दादर हे ट्रामचे उत्तरेकडचे एक ठाणे. आगगाडीतून उतरावे आणि एका आण्यात शहरभर हिंडावे, अशी सोय तिने केली. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून निघून दादरला आली आणि ते पर्व संपले. रूळ उखडले गेले, नाव राहिले. कंडक्टर आजही 'टीटी' म्हणून पुकारतो, आणि साठ वर्षांपूर्वी गेलेल्या गाडीच्या थांब्यावर माणसे उतरतात. लोकांची जीभ दप्तरापेक्षा अधिक इमानी असते.

पश्चिमेस समुद्राच्या बाजूला १९२५ साली माहीम पार्क नावाचे विस्तीर्ण मैदान खुले झाले. १९२७ साली, त्या वेळच्या गणनेनुसार शिवजन्माच्या त्रिशताब्दीस, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या प्रचंड सभा तिथे झाल्या. दादर स्टेशनात गाड्या रिकाम्या व्हाव्यात आणि मैदान भरावे, हे त्या काळचे नित्याचे दृश्य. पुढे जवळच शिवाजी मंदिर नाट्यगृह झाले. स्टेशनालगतच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक रंगभूमी जगवली. डोंबिवलीचा प्रेक्षक आणि बोरिवलीचा प्रेक्षक एकाच नाटकाला येऊन शेवटच्या लोकलने घरी जाऊ शकतो, असे ठिकाण मुंबईत दादरखेरीज दुसरे कुठे होते? मराठी नाटक दादरला फुलले याचे श्रेय नटांना, लेखकांना द्यावेच. थोडे वेळापत्रकालाही द्यावे.

आणि पश्चिमेच्या दाराशीच फुलबाजार. पहाटेच्या लोकलने वसईकडचे माळी सोनचाफा, मोगरा, जास्वंदाच्या पाट्या घेऊन उतरतात. देशावरचा झेंडू ट्रकांतून येतो. सूर्य वर येईतो अर्धा व्यवहार आटोपलेला असतो. सबंध मुंबईच्या देवघरातले फूल दादरच्या चिखलातून जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

सहा डिसेंबर

श्रोतेहो, दादरच्या इतिहासात एक दिवस असा आहे, की ज्याने या स्टेशनाचा अर्थच बदलून टाकला. हिंदू कॉलनीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. देह मुंबईस आणला गेला, राजगृहात लोकांनी अखेरचे दर्शन घेतले, आणि ७ डिसेंबरला लाखोंच्या उपस्थितीत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी उभी आहे. पूर्वेस राजगृह, पश्चिमेस चैत्यभूमी, आणि मध्ये दादर स्टेशन.

तेव्हापासून दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून गाड्या भरून माणसे येतात. दादरला उतरतात, पायी समुद्राकडे जातात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात, आणि ज्याच्या पिशवीत भाकरीशिवाय काही नाही तोही परत जाताना एखादे पुस्तक घेऊन जातो. ज्या नगराची आखणी पगारदार वर्गासाठी झाली होती, त्या नगरात वर्षातून एकदा ज्यांना कोणतीच आखणी कधी विचारात घेत नसे ती माणसे येतात, आणि शिस्तीने येतात. काही रहिवासी गर्दीबद्दल कुरकुर करतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की पंढरीच्या वाटेवरच्या गावांनी वारकऱ्यांसाठी पाण्याचे रांजण भरून ठेवले, म्हणून त्या वाटेला वैभव आले. दादरलाही त्या दिवशी रांजण भरणारे आहेत. त्यांच्या बाजूने इतिहास आहे.

ओसरी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जी. आय. पी. १९२५ साली सरकारी व्यवस्थापनाखाली आली, बी. बी. सी. आय. १९४२ साली. स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ या एकाच दिवशी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे जन्मास आल्या. विलायती भागधारक गेले, मालक एकच झाला. आता तरी चुली एक होतील, असे भोळ्या माणसास वाटले असते. तसे झाले नाही. दादरच्या फलाटांचे क्रमांक दोन्हीकडे एकपासून सुरू होत राहिले. नवख्याला कोणी सांगितले, "चार नंबरवर भेटू," तर त्याने विचारावयाचे, "पश्चिमचा चार की मध्यचा चार?" ते न विचारणारी माणसे पुलाच्या दोन टोकांना एकमेकांची वाट पाहत उभी राहत. ९ डिसेंबर २०२३ रोजी ही मालिका एक झाली: पश्चिमेचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. साधे आकडे सलग लावण्यास १९५१ पासून बहात्तर वर्षे लागली! त्याला पैसा लागत नव्हता. हा मधला प्रवासी आपला, असे दोघांपैकी एकाला वाटावयास हवे होते.

आकड्यांच्या घोळात फार तर गाडी चुकते. परंतु मधली वाट कोणाचीच नसली, की कधी जीव जातो. २९ सप्टेंबर २०१७ चा दिवस आठवा. दादरच्या अलीकडचे स्टेशन; मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, आजचे प्रभादेवी. त्यांना जोडणारा अरुंद पूल. सकाळची वेळ, अवचित पाऊस, आडोशाला जिन्यावर थांबलेली माणसे आणि मागून उतरणाऱ्या गाड्यांची गर्दी. फुले पडल्याची ओरड कोणी पूल पडल्याची ओरड म्हणून ऐकली, असे त्यातून वाचलेल्या एका मुलीने सांगितले. चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. भोवतालच्या गिरण्या बंद पडून तिथे मोठमोठी कचेरी-भवने उठली होती, उतरणारी माणसे कित्येक पटींनी वाढली होती, आणि पूल तेवढाच होता. मग लष्कराला पाचारण करून नवा पूल बांधवून घेतला. तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. पाच महिन्यांत जे होऊ शकले, ते आधीच्या पन्नास वर्षांत का झाले नाही, याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडावयाचे नाही. ते या ओसरीच्या प्रश्नात आहे.

आणि आता तिसरी चूल आली आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरांची, सत्तावीस स्थानकांची भुयारी मेट्रो. तिचे दादर स्थानक १० मे २०२५ पासून लोकांसाठी उघडले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सबंध मार्ग सुरू झाला. जमिनीखालचा थंडगार फलाट, काचेची दारे, मिनिटाला धरून येणारी गाडी. शेवटचा डबा पकडताना दम लागलेल्या पिढीला हे स्वप्नासारखे वाटावे. मी त्याचे मनापासून कौतुक करतो. परंतु हे स्थानक आहे गोखले रस्त्याखाली, प्लाझा चित्रगृहाच्या परिसरात. लोकलच्या फलाटावरून तिथे जावयाचे तर पूल चढावा, उतरावा, फुलबाजाराच्या कडेने, भाजीवाल्यांच्या आणि फेरीवाल्यांच्या मधून वाट काढीत चालावे. धडधाकट माणसाला ही काही मिनिटांची वाट. गुडघे दुखणाऱ्या आजीला, मूल कडेवर घेतलेल्या बाईला, काठी टेकीत जाणाऱ्या अंधास ती किती मिनिटांची, हे कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसते. मध्य रेल्वेची हद्द तिच्या पुलावर संपते, पश्चिमेची तिच्या दाराशी, मेट्रोची तिच्या सरकत्या जिन्याशी, आणि उरलेला रस्ता महापालिकेचा. चार धनी झाले. चालणारा मात्र एकच आहे.

कोणी म्हणेल, फेरीवाले हटवा म्हणजे वाट मोकळी होईल. इतका सोपा न्याय मला मान्य नाही. पहाटेच्या लोकलने पाटी घेऊन येणारी माळीण त्या वाटेवर मेट्रोच्या किती तरी आधीची आहे. वाट तिच्यासह रुंद करावयाची आहे. ट्रस्टने शंभर वर्षांपूर्वी केलेली चूक, म्हणजे नगर सुधारताना गरिबाला नकाशाबाहेर ठेवण्याची चूक, पुन्हा करावयाची असेल तर इतिहास वाचण्याचा खटाटोप हवाच कशाला?

प्लाझासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. माथेरानच्या या तरुणाने बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. ज्याने परक्या सत्तेची वीज तोडली, त्याच्या नावाच्या बागेशेजारी आज आपल्या सत्तेची, विजेवर चालणारी गाडी येऊन थांबते. तो पाहावयास असता, तर त्याने गाडीचे कौतुक केले असते, आणि मग दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे पाहून विचारले असते, हे सारे ज्यांच्यासाठी, ते नीट चालत घरी पोहोचतात ना?

शेवटी एक विनंती. दादर मुंबईत आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तिथे रोज जावयाचे नाही. परंतु आपल्याही गावात रेल्वे स्टेशन आहे, एस. टी. चा स्टँड आहे, आणि त्यांच्या मध्ये एक वाट आहे. आज घरी जाताना ती वाट एकदा चालून पाहावी. तिच्यावर दिवा आहे का, पावसात तिचे काय होते, म्हातारी माणसे ती कशी ओलांडतात, आणि तिची तक्रार नेमकी कोणत्या कचेरीत घेतात, हे पाहावे. यांतल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर दादरचा इतिहास आपल्याही गावात चालू आहे असे समजावे, आणि पुढच्या सभेत तो प्रश्न कोणाला तरी उभे राहून विचारावा.